प्राचीन अंतराळवीर कल्पना
प्राचीन अंतराळवीर कल्पना : अतिप्राचीन काळी परग्रहांवरील बुद्धिमान जीव पृथ्वीवर येऊन गेले आणि मानवाची उत्पत्ती, धर्म, वास्तुकला व तंत्रविद्या यांच्या विकासात त्यांचा हात होता, असे मानणारी विचारसरणी. या मतानुसार निरनिराळ्या समाजांच्या पुराणकथांतील आकाशातून उतरणारे देव हे वस्तुतः अंतराळवीर होत आणि त्यांचे रथ, विमाने व अस्त्रे ही तत्कालीन माणसाने आपल्या शब्दांत वर्णिलेली यंत्रे होत. पुरातत्त्ववेत्त्यांनी ही कल्पना स्वीकारलेली नाही. तथापि लोकमानसावरील तिचा प्रभाव मोठा असल्याने तिच्या पुष्ट्यर्थ मांडले जाणारे पुरावे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

इतिहास : पृथ्वीवर पूर्वी परकीय जीवांचा वावर असावा, हा तर्क अमेरिकन लेखक चार्ल्स फोर्ट (१८७४–१९३२) यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बुक ऑफ द डॅम्ड या ग्रंथात आढळतो. पुढे एच्. पी. लव्हक्राफ्ट यांच्या अद्‌भुत कथांतून तो ललित वाङ्‌मयात रुजला. १९६० मध्ये लूई पॉवेल्स व झाक बेर्झे यांच्या फ्रेंच ग्रंथाने त्याला यूरोपात वाचकवर्ग मिळवून दिला. कार्ल सेगन (१९३४–९६) व आय्. एस्. श्क्लॉव्हस्की या ज्योतिर्विदांनी १९६६ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही अशा भेटीची शक्यता विचारात घेतलेली आहे. मात्र केवळ दंतकथा हा पुरावा होऊ शकत नाही, असे सेगन यांनी बजावले होते. ही मर्यादा ओलांडून कल्पनेला लोकप्रियता मिळवून दिली ती एरिख फोन डेनिकेन (जन्म १९३५) या स्विस लेखकाने. त्याचा मूळ जर्मन ग्रंथ १९६८ मध्ये निघाला व चॅरिअट्स ऑफ द गॉड्स ? या नावाने इंग्रजीत येऊन जगभर खपला. झेकराया सिचिन याने १९७६ मध्ये सुमेरियन लेखांच्या आधारे अज्ञात ग्रहावरील आगंतुकांची कथा रचली. त्याने लावलेले अर्थ त्या भाषेच्या तज्ञांना मान्य झाले नाहीत. २०१० पासून अमेरिकेतील दूरचित्रवाणी मालिकांमुळे या विषयाला पुन्हा उजाळा मिळाला.

पुरावे व त्यांची चिकित्सा : (१) पालेंके : मेक्सिकोतील पालेंके येथे १९५२ मध्ये आल्बेर्तो रूस यांना माया राजा पाकाल (कार. ६१५–६८३) याची समाधी सापडली. शवपेटिकेच्या झाकणावरील शिल्पात डेनिकेनला अग्निबाण चालविणारा अंतराळवीर दिसला. माया लिपीचा उलगडा झाल्यावर मात्र शवपेटिकेवरील लेखांत राजाच्या जन्ममृत्यूच्या तिथी व पूर्वजांची नावे वाचता आली. शिल्पात अधोलोकाच्या जबड्याशी असलेला राजा व त्यातून वर उठणारा विश्ववृक्ष असून असे वृक्ष इतर माया शिल्पांतही आढळतात.

(२) नाझ्का : दक्षिण पेरूमधील वाळवंटात सु. इ. स. पू. ५०० ते इ. स. ५०० या काळात आखलेल्या रेषा व प्राण्यांच्या प्रचंड आकृती अंतराळयानांसाठी होत्या, असे सांगितले जाते. पृष्ठभागावरील काळसर खडे बाजूला सारून खालची फिकट माती उघडी करणे, एवढेच यामागील तंत्र होय. जमीन मऊ असल्याने तेथे उतरणारी याने रुतून बसली असती, असे या रेषांच्या अभ्यासक मारिया राइखे यांनी निदर्शनास आणले. १९८२ मध्ये जो निकेल यांनी मोजक्या साहाय्यकांसह खुंट्या व दोरी वापरून सु. १३४ मी. लांबीची पक्ष्याची आकृती तंतोतंत काढून दाखविली.

(३) पिरॅमिड : ईजिप्तमधील पिरॅमिडांचा क्रमच त्यांच्या कर्त्यांची साक्ष देतो. जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडापासून गीझाच्या भव्य पिरॅमिडापर्यंतच्या वाटचालीत चुका व दुरुस्त्या स्पष्ट दिसतात. दाहशूर येथील एका पिरॅमिडाचा उतार बांधकाम चालू असतानाच कमी करावा लागला. अंतराळप्रवास साधलेल्या गुरूंकडून शिकणाऱ्यांना असे धडपडावे लागले नसते. २०१३ मध्ये वादी अल्-जर्फ येथे सापडलेल्या पपायरसांत खुफू राजाच्या पिरॅमिडासाठी तूरा येथील चुनखडक नावांतून वाहून नेणाऱ्या मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे.

(४) दिल्लीचा लोहस्तंभ : सु. ७·२ मी. उंचीचा व सहा टनांहून अधिक वजनाचा हा गुप्तकालीन स्तंभ अज्ञात मिश्रधातूचा असून त्यात फॉस्फरस मुळीच नाही, असे डेनिकेनने लिहिले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या लोखंडातील फॉस्फरसाचे प्रमाण आधुनिक पोलादाच्या तुलनेने बरेच जास्त असून त्यामुळेच पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील आर्. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून दिसून आले. हे श्रेय कोळशाच्या भट्टीत लोखंड गाळणाऱ्या भारतीय लोहारांचे आहे.

(५) वैमानिक शास्त्र : भरद्वाज ऋषींच्या नावावर असलेल्या या संस्कृत ग्रंथाचाही आधार घेतला जातो. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. ग्रंथाची रचना विसाव्या शतकाच्या आरंभीची असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

(६) वेरूळ : कैलास लेणेही या कल्पनेच्या पुरस्कर्त्यांनी आपल्या यादीत घेतले आहे. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी चर खोदून मधला पाषाण सुटा करणे व तो शिखरापासून तळाकडे कोरीत नेणे, ही येथील पद्धती होय. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात, तर अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या अपूर्ण लेण्यात खोदकामाच्या पायऱ्या पाहावयास मिळतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७७३) याने एलापूर येथे मंदिर निर्माण केल्याचा उल्लेख कर्कराजाच्या ८१२ च्या बडोदे ताम्रपटात आहे व बहुतेक अभ्यासक तो कैलासासंबंधीचाच मानतात. विमानांतून जाणाऱ्या देवांनाही हे काम मानवी वाटले नाही आणि स्वतः शिल्पकारही आपल्या हातून हे कसे घडले म्हणून थक्क झाला, अशा आशयाचे वर्णन त्यात येते. म्हणजे ताम्रपटातील देव हे विमानस्थ प्रेक्षक आहेत. निर्माता मात्र माणूसच आहे.

मूल्यमापन : एखादी वास्तू कशी बांधली, हे आपणास ठाऊक नाही, यावरून ती परग्रहवासीयांनी बांधली असे सिद्ध होत नाही. ज्या ठिकाणी परकीय हात दाखविला जातो, तेथे वसाहती, खाणी, हत्यारे व अर्धवट सोडलेली कामे सापडली आहेत ती माणसांची; परकीय बनावटीची एकही निर्विवाद वस्तू मिळालेली नाही. शिवाय असा संशय ईजिप्त, पेरू, मेक्सिको व भारत येथील निर्मितीबाबतच प्रामुख्याने घेतला जातो. यूरोपातील गॉथिक कॅथीड्रलांबाबत तो क्वचितच उद्‌भवतो. त्यामुळे या समाजांतील कारागिरांचे कर्तृत्व नकळत हिरावून घेतले जाते, हा या कल्पनेवरील गंभीर आक्षेप होय.

विश्वात अन्यत्र जीवसृष्टी आहे काय, हा प्रश्न मात्र याहून वेगळा आहे. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी रेडिओ दूरदर्शकाद्वारे परकीय संदेशांचा शोध सुरू केला आणि १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह आढळल्यानंतर असे हजारो ग्रह ज्ञात झाले आहेत. हे संशोधन निरीक्षणावर आधारलेले असून अद्याप परकीय बुद्धिमत्तेचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. उद्या तो मिळाला, तरी प्राचीन वास्तूंच्या कर्त्यांविषयीचे उत्खननातून व कोरीव लेखांतून मिळालेले ज्ञान त्यामुळे बदलणार नाही.