बातमी खरी, तरी एकांगी

गुन्ह्याच्या बातमीतले तपशील खरे असले आणि भाषा भडक नसली, की ती निःपक्षपाती, असा बऱ्याच वाचकांचा समज असतो. पक्षपात मात्र बहुधा त्याआधीच झालेला असतो: कोणती घटना छापायची, कोणत्या पानावर आणि किती दिवस, हे ठरवताना. हा निवडीचा पक्षपात (खऱ्या घटनांपैकी ठरावीकच पुढे आणणे). चाळणीखाली पडलेले पीठ अस्सलच असते. वर काय अडकले, ते त्या पिठाकडे पाहून कळत नाही.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांचे पुरेसे लक्ष तिकडे वळले ते काही आठवड्यांनी, निदर्शने पेटल्यावर.

उलट बाजूनेही गैरसमज होतो. नाव किंवा जात दिली नाही, की ‘दडवले’ अशी ओरड होते. पण बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. प्रेस कौन्सिलचे (वृत्तपत्रांसाठीची वैधानिक परिषद) संकेतही विनाकारण जातधर्म लिहू नये असेच सांगतात. खैरलांजीत मात्र जात हाच संदर्भ होता. ती गाळली तर बातमी अर्धीच राहते.

तेव्हा एका बातमीवरून निकाल देणे घाईचे. त्याच दैनिकाने तशाच दुसऱ्या गुन्ह्याला किती जागा दिली, पोलिसांखेरीज कोणाला विचारले, आणि आरोपी निर्दोष सुटल्यावर ते कोणत्या पानावर छापले, हे ताडून पाहावे.