पंगतीबाहेरचं चांदीचं ताट

२३ नोव्हेंबर १८८७. मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंड गावी उतरला. तिथल्या नोटर डेम नावाच्या लहानशा कॅथलिक कॉलेजातल्या मुलांना हा खेळ अजून धड येत नव्हता. पाहुण्यांनी आधी तो शिकवला, मग सामना खेळून ८-० असा जिंकला आणि पुढच्या मुक्कामाला गेले. या गुरुशिष्यांत पुढे जे वैर जडलं, ते अजून पुरतं विझलेलं नाही.

इथं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि अंगावर धडकण्याचा खेळ. आपल्या फुटबॉलशी त्याचं नातं नावापुरतंच. शरद ऋतूतल्या शनिवारी कॉलेजांच्या मैदानांवर तो होतो. मिशिगनच्या मैदानात लाखाहून जास्त माणसं बसतात, आणि कित्येक घरांत कॉलेजनिष्ठा आडनावासारखी बापाकडून मुलाकडे येते.

या जगात नोटर डेमवर मनापासून रागावलेले लोक गावोगाव भेटतात. त्यांचा नेहमीचा शब्द ‘ओव्हररेटेड’, म्हणजे लायकीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेला संघ. सतत जिंकणाऱ्याचा राग येतोच, अलाबामासारख्या संघाचाही येतो. पण नोटर डेमनं राष्ट्रीय विजेतेपद शेवटचं मिळवलं १९८८ साली. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी राग ताजाच आहे. म्हणजे तो जिंकण्याचा राग नव्हे. मला तो पंगतीचा राग वाटतो, आणि तो समजून घ्यायचा तर पंगत मुळात कुणी नाकारली, तिथून सुरुवात करायला हवी.

१९०९ साली शिष्यानं गुरूला पहिल्यांदा हरवलं, ११-३. पुढच्या वर्षी सामना अगदी तोंडावर आला असताना मिशिगननं तो रद्द केला. कारण दिलं ते नोटर डेमच्या काही खेळाडूंच्या पात्रतेचं. त्यानंतर हे दोन संघ थेट १९४२ साली समोरासमोर आले. मिडवेस्टमधल्या मोठ्या विद्यापीठांचा जो गट पुढे ‘बिग टेन’ म्हणून प्रसिद्ध झाला, त्यानंही नोटर डेमला पुन्हा पुन्हा दाराबाहेर ठेवलं. मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट या विरोधात पुढे होते. पात्रतेचा वाद खोटा नव्हता. त्या काळात बहुतेक संघांचे हिशेब या बाबतीत कच्चेच होते. पण आयरिश, पोलिश, इटालियन कॅथलिक स्थलांतरितांकडे प्रोटेस्टंट अमेरिका तेव्हा ज्या नजरेनं बघत होती, ती नजर या नकारात नव्हती असं मला म्हणवत नाही.

ती नजर केवढी उग्र होती, हे १९२४ साल सांगतं. इंडियानात तेव्हा कॅथलिकांचाही द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या संघटनेचा जोर होता. मे महिन्यात क्लाननं साऊथ बेंडमध्येच मेळावा भरवला. नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, झटापटी झाल्या, आणि मुलांना आवरता आवरता अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांची दमछाक झाली. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये नोटर डेमनं आर्मीला, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाला, १३-७ असं हरवलं. ग्रँटलंड राईस या पत्रकारानं त्यांच्या चार खेळाडूंना ‘चार घोडेस्वार’ म्हटलं आणि ते नाव देशभर झालं. १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल सामन्यात स्टॅनफर्डही २७-१० असा हरला. मे महिन्यात ज्यांना आपल्याच गावात लोक उपरे म्हणत होते, ती मुलं हिवाळ्यात देशाचे विजेते होती.

शेजाऱ्यांनी या संघाला वाळीत टाकलं, आणि त्यातूनच तो मोठा झाला. जवळचे खेळायला तयार नाहीत म्हणून तो लांब जाऊ लागला. १९१३ मध्ये वेस्ट पॉइंटला, लष्करी अकादमीच्या गावी, जाऊन त्यानं आर्मीला ३५-१३ असा धक्का दिला. पुढे पास फेकण्याचं तंत्र देशभर गाजलं, त्यात या सामन्याचा वाटा मोठा. त्यात पास झेलणारा नूट रॉक्नी हा नॉर्वेत जन्मलेला तरुण नंतर प्रशिक्षक झाला. तेरा हंगामांत १०५ विजय आणि फक्त १२ पराभव, असा त्याचा हिशेब. १९३१ साली विमान अपघातात तो गेला. सामन्यांसाठीच्या सततच्या प्रवासामुळे वर्तमानपत्रं संघाला ‘रॅम्बलर्स’, म्हणजे भटके म्हणत. ‘फायटिंग आयरिश’ या नावात तर हेटाळणीचाही सूर असे. १९२७ साली विद्यापीठानं तेच अधिकृतपणे स्वीकारलं. शिवी उचलून पदकासारखी छातीवर लावायची, ही रीत मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या कॅथलिक वस्त्यांतले कामगार सबवेनं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, सामन्याला यायचे. त्यांनी त्या कॉलेजचं दारसुद्धा पाहिलेलं नसायचं, तरी संघ त्यांचा होता. ‘सबवे अल्युम्नाय’, म्हणजे सबवेतले माजी विद्यार्थी, असं त्यांचं नावच पडलं. गावोगावच्या स्थानिक संघांच्या चाहत्यांना हे रुचणं शक्यच नव्हतं. आपल्याच गल्लीतला माणूस शेकडो मैलांवरच्या संघासाठी ओरडतो, हे त्यांना घरभेदीपणासारखं वाटायचं.

मग काळ उलटला. पंगतीबाहेर बसवलेल्याला वेगळं चांदीचं ताट वाढलं जाऊ लागलं.

१९५६ चा हंगाम बघा. नोटर डेमनं दहापैकी आठ सामने गमावले, तरी सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्यांच्या पॉल हॉर्नंगला मिळाली. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूला ती त्याआधी किंवा त्यानंतर कधीच मिळालेली नाही. दुसरा आला टेनेसीचा जॉनी मेजर्स. सिराक्यूजचा जिम ब्राउन, ज्याची गणना पुढे या खेळातल्या सर्वकालीन थोरांत झाली, तो पाचवा. हॉर्नंग गुणी होता, पण दोनच विजय मिळवलेल्या दुसऱ्या कुठल्या संघातल्या मुलाकडे मतदारांनी वळूनही पाहिलं नसतं. टेनेसीकरांचा इथला राग मला रास्त वाटतो.

मिशिगन स्टेट या वेगळ्या विद्यापीठाचा रागही तितकाच रास्त. १९ नोव्हेंबर १९६६ रोजी दोन अपराजित संघ भिडले आणि १०-१० वर अडकले. चेंडू नोटर डेमकडे, वेळ मिनिट-दीड मिनिट. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी धोका न पत्करता वेळ संपू दिली. समोरचे खेळाडू मैदानातूनच त्यांना डिवचत होते. पुढच्या आठवड्यात नोटर डेमनं यूएससीला, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला, ५१-० असं झोडपलं आणि विजेतेपदही पटकावलं. पार्सेगियन यांचा प्रमुख क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, जखमी होता, हे खरं. पण बरोबरी राखून मुकुट मिळतो तो नोटर डेमलाच, हे वाक्य त्या दिवसापासून प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडी बसलं.

१९९१ पासून एनबीसी वाहिनी नोटर डेमचे घरचे सामने देशभर दाखवू लागली. पहिला करार पाच वर्षांचा होता. एका कॉलेजसाठी अख्खी वाहिनी! फुटबॉलपुरता हा संघ आजही कुठल्याच गटाचा पूर्ण सभासद नाही. ज्या ‘बिग टेन’नं एके काळी नाकारलं, त्याच ‘बिग टेन’चं निमंत्रण १९९९ मध्ये त्यांनीच परत केलं. स्वाभिमान म्हणून मला हे समजतं. पण इतरांना गटात राहून जे कष्ट उपसावे लागतात, त्यातून हे सुटतात, ही तक्रारही खोटी नाही.

आणि एक डाग त्यांचा स्वतःचा. १५ ऑक्टोबर १९८८ रोजी मायामीविरुद्धच्या सामन्याआधी ‘कॅथलिक्स विरुद्ध कॉन्व्हिक्ट्स’, म्हणजे कॅथलिक विरुद्ध गुन्हेगार, असं छापलेले टी-शर्ट विद्यार्थ्यांनी विकले. मायामीच्या संघात कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येनं होती. सामना नोटर डेमनं ३१-३० असा जिंकला. चौथ्या डावातल्या पंचांच्या एका निर्णयावर मायामीचे लोक अजून हळहळतात. पण मला सलतो तो टी-शर्ट. ज्यांच्या आजोबांना धर्मावरून हिणवलं गेलं, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्यांना हिणवावं, हे विसरता येत नाही.

तरीही एक प्रतिस्पर्धी असा आहे की त्याच्याकडून या संघाबद्दल कडवट शब्द क्वचितच ऐकू येतो. तो म्हणजे नेव्ही, अमेरिकी नौदल अकादमीचा संघ. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुलं आघाडीवर गेली आणि नोटर डेमचे वर्ग ओस पडू लागले. तेव्हा नौदलानं तिथं प्रशिक्षण केंद्र चालवलं. १९४२ ते १९४६ या काळात सुमारे १२ हजार अधिकारी तिथं तयार झाले आणि नौदलाकडून आलेल्या पैशावर विद्यापीठ तगलं. फादर थिओडोर हेझबर्ग पुढे पस्तीस वर्षं अध्यक्ष होते. नौदलाचे हे उपकार ते उघडपणे मान्य करत. म्हणून नेव्हीला हवं तोवर हा वार्षिक सामना चालू राहील, हा नोटर डेमचा शब्द. १९२७ पासून २०१९ पर्यंत एकाही वर्षाचा खंड नाही. २०२० साली महामारीनं तो पडला. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र उभे राहून दोन्ही संस्थांची गीतं ऐकतात.

खेळाच्या दृष्टीनं मात्र ही मैत्री एकतर्फीच होती. १९६३ मध्ये रॉजर स्टॉबाकच्या नेव्हीनं विजय मिळवला, त्यानंतर सलग ४३ वर्षं पराभव. अखेर ३ नोव्हेंबर २००७ रोजी साऊथ बेंडमध्येच, तीन जादा डावांनंतर, नेव्ही ४६-४४ अशी जिंकली. २००९ मध्ये ती पुन्हा जिंकली, २०१० मध्येही. हरल्यावर सामना कुणी रद्द केला नाही.