भीक कोणाची आणि वर्गणी कोणाची?

मंत्री बोलतात आणि विसरून जातात. ऐकणारा मात्र विसरत नाही. व्यासपीठावर हार पडतात, टाळ्या होतात, लाल दिव्याच्या काळात जशी धूळ उडवीत गाडी जायची तशीच ती आजही निघून जाते. मागे राहतो तो शब्द. तो एस. टी. स्टँडवर फिरतो, हार्बरच्या लोकलमध्ये फिरतो, कचेरीच्या खिडकीवर जाऊन बसतो आणि शेवटी आपल्या लेकराच्या कानावर पडतो. अशाच एका शब्दाविषयी आज आम्हाला पनवेल आणि परिसरातल्या आमच्या कष्टकरी कुटुंबांशी बोलायचे आहे. तो शब्द आहे 'भीक'.

पैठणचे भाषण

९ डिसेंबर २०२२ चा दिवस. महापरिनिर्वाण दिन होऊन तीनच दिवस झाले होते. चैत्यभूमीवर जाऊन आलेल्या आपल्या माणसांच्या पायांचा शीणही अजून उतरला नव्हता. त्या दिवशी पैठणला संतपीठाच्या कार्यक्रमात तेव्हाचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील बोलायला उभे राहिले. शिक्षणसंस्थांनी सरकारी अनुदानावर अवलंबून राहू नये, असा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी त्यांनी महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांचे दाखले दिले. या तिघांनी शाळा काढल्या तेव्हा सरकारने अनुदान दिले नव्हते, त्यांनी लोकांकडे भीक मागितली, असे मंत्रिमहोदय बोलून गेले.

महाराष्ट्रभर संताप उसळला. दुसऱ्याच दिवशी पिंपरी-चिंचवडमध्ये मंत्र्यांच्या तोंडावर शाई फेकली गेली. फेकणाऱ्यांना अटक झाली. भीक म्हणजे आपल्याला देणगी, वर्गणी असे म्हणायचे होते, असा खुलासा मंत्र्यांनी केला आणि दिलगिरीही व्यक्त केली. चार दिवस वाहिन्यांवर गलबला झाला. पाचव्या दिवशी दुसरा विषय आला.

शाई फेकणे आम्हाला मान्य नाही, हे स्पष्टच सांगतो. ज्या महापुरुषाने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत उभे राहून संविधानाचे मार्ग खुले असताना दुसऱ्या मार्गांना जागा नाही असे बजावले, त्याच्या नावाने शाई उडवणे शोभत नाही. शिवाय शाई उडाली की चर्चा शाईची होते, मूळ शब्द बाजूला राहतो. तो बाजूला राहू नये म्हणूनच हा लेख.

मंत्र्यांचा खुलासाही आम्ही प्रामाणिक समजू. तिन्ही नावे त्यांनी आदराने घेतली असतील. पण मग आमचा साधा प्रश्न आहे. मनात वर्गणी होती, तर तोंडात भीक कशी आली? मराठीत वर्गणी हा शब्द कमी पडला होता का?

एक रुपया आणि भिकारी

हा शब्द तेवढ्यावर थांबला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे अमरावतीत बोलले. आजकाल भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही, आम्ही मात्र शेतकऱ्याला एक रुपयात पीक विमा दिला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. शेतकऱ्यांत चीड पसरली. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच गोष्टीचा खुलासा करताना ते म्हणाले की, रुपया सरकार घेते, म्हणजे शेतकरी भिकारी नाही, सरकार भिकारी आहे! त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले.

म्हणजे आधी महापुरुष भीक मागणारे झाले, मग शेतकऱ्याची तुलना भिकाऱ्याशी झाली, शेवटी सरकारच भिकारी ठरले. माणसे निराळी, खाती निराळी, शब्द एकच. जनतेचा पैसा जनतेवर खर्च करणे म्हणजे कोणी तरी कोणाच्या झोळीत काही तरी टाकणे, ही समजूत डोक्यात बसली की असा शब्द आपोआप तोंडात येतो.

त्यांनी भीक मागितली नाही

आता इतिहास पाहू. मुलांना जवळ बसवून हा भाग मोठ्याने वाचावा, ही विनंती.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे त्यांच्या शाळांना सरकारच्या दक्षिणा फंडातून मदत मिळाली आणि १८५२ मध्ये सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कारही केला. तेव्हा सरकारी पैसा मिळालाच नाही, हे म्हणणेही पुरते खरे नाही. त्याहून मोठी गोष्ट १८८२ ची. हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले. त्याचा सार असा की, सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या कामी येतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली. ही भीक मागणाऱ्याची भाषा आहे का? ही तर हिशेब मागणाऱ्याची भाषा आहे.

कर्मवीरांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या सर्व जातींच्या मुलांना खाऊ घालायला पैसे पुरेनात, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. गावोगावच्या बायांनी दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवले आणि ते वसतिगृहाला दिले. १९४८ मध्ये तेव्हाच्या सरकारने रयतचे अनुदान रोखले, तरी भाऊराव वाकले नाहीत. गाडगेबाबा मध्ये पडले, अनुदान पुन्हा सुरू झाले. मुठीतले धान्य देणारी ती बाई भीक घालीत नव्हती. आपलेच पोर शिकणार म्हणून ती आपला वाटा देत होती.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय निघाले. त्याच्या कितीतरी आधीची एक आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. धारवाडच्या वसतिगृहातल्या मुलांची चूल पेटेना, तेव्हा माता रमाईने हातातल्या बांगड्या काढून दिल्या. रमाईच्या बांगड्या आणि लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र, या दोन गोष्टी आमच्या मते एकाच तराजूत तोलायच्या आहेत. त्या तराजूत भीक हा शब्द बसतच नाही.

हे सारे फार लांबचे नाही. आपल्या पनवेलमध्ये १९७० पासून एक महाविद्यालय उभे आहे. संस्था कर्मवीरांची रयत आणि नाव महात्मा फुले यांचे! त्याच जिल्ह्यात, चवदार तळ्याच्या महाडला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. पैठणला जी तीन नावे घेतली गेली, ती तिन्ही रायगड जिल्ह्यात शाळा-कॉलेजच्या दारावर आहेत. या दारांतून आत गेलेली आपली मुले आज शिक्षक, नर्स, रेल्वेत, बँकेत आहेत.

शब्द खिडकीपर्यंत येतो

कोणी म्हणेल, एका शब्दाने काय होते? पुढारी बोलायचेच. तर काय होते ते सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी, बापाची नोकरी तळोज्याच्या कारखान्यात कंत्राटावर. मुलगी हुशार. कॉलेजचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ती रांगेत उभी राहिली. खिडकीतला कारकून ओरडला, "फुकटवाले बाजूला व्हा, आधी फी भरणारे येऊ द्या." मुलगी रांग सोडून घरी आली. रात्री म्हणाली, "अप्पा, मला नको ती शिष्यवृत्ती. मी क्लासला शिकवून फी भरीन." अप्पांना आधी अभिमान वाटला, मग कळले की पोरीला लाज वाटते आहे. हक्काच्या गोष्टीची लाज!

त्या कारकुनाने मंत्र्यांचे भाषण ऐकले होते की नाही, कोण जाणे. पण वर बसलेला मोठा माणूस 'भीक' म्हणतो तेव्हा खाली बसलेल्याला 'फुकट' म्हणायचा परवाना मिळतो. आणि आपली मुलगी अर्ज न भरता घरी येते. नुकसान होते ते हे.

ती शिष्यवृत्ती आली कुठून, हे तिला कोणी सांगितले नव्हते. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासून चालू आहे. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राच्या पातळीवर आपल्या बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावे लागले. इतक्या खटपटीने मिळालेली वस्तू फुकटची कशी?

पैसा कोणाचा?

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. तिजोरीतला पैसा कोणाचा?

कारखान्यात पगार घेणाऱ्या भावाने आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. त्यात 'व्यवसाय कर' किंवा 'पी. टी.' म्हणून रकाना असतो. पुरुष कामगाराचा पगार दहा हजारांच्या वर असला की महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या कामगाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम! याला म्हणतात वर्गणी. आणि ज्या ताईला पगाराची चिठ्ठी मिळत नाही, जी खांदा कॉलनीत चार घरची धुणीभांडी करते, तीही मोबाइलला रिचार्ज मारते तेव्हा १८ टक्के जीएसटी देते. बंगल्यातला देतो तेवढाच टक्का.

२९ जुलै २०२२ रोजी तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी अंधेरीत म्हणाले होते की, मुंबई-ठाण्यातून गुजराती आणि राजस्थानी लोक काढले तर इथे पैसाच उरणार नाही. १ ऑगस्टला त्यांनी माफी मागितली. आमचे गुजराती-मारवाडी शेजाऱ्यांशी भांडण नाही. पनवेलच्या बाजारात त्यांची दुकाने आहेत, अडीअडचणीला त्यांनी आपल्या माणसांना उधारीवर माल दिला आहे. भांडण आहे ते मोजण्याच्या रीतीशी. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा सफाई कामगार, गोदीतला माथाडी, उरणकडे कंटेनर ओढणारा ड्रायव्हर, यांची मेहनत पैशात धरायची नाही का? गल्ला मोजायचा आणि हात मोजायचे नाहीत, यातून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तेढ तेवढी वाढते.

आपल्या घरात काय करायचे?

भिक्खू आपल्या दारी येतात तेव्हा ते काही मागत नाहीत, शांत उभे राहतात. आपण श्रद्धेने दान देतो. विहारासाठी आणि १४ एप्रिलच्या जयंतीसाठी आपण वर्गणी देतो, पावती घेतो आणि नंतर बैठकीत हिशेब विचारतो. भीक घालणारा हिशेब विचारीत नाही आणि घेणाराही देत नाही. वर्गणीला हिशेब असतो. सरकारी तिजोरी ही आपल्या सर्वांची वर्गणी आहे, एवढे घरात पक्के झाले पाहिजे. म्हणून काही गोष्टी सुचवतो.

घरात 'फुकट' हा शब्द बंद करावा. शिष्यवृत्ती फुकट नाही, रेशन फुकट नाही, सरकारी दवाखाना फुकट नाही. ते हक्काचे आहे.

मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावेत. दहावीनंतरच्या या शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला परीक्षेच्या सुट्टीतच काढून ठेवावा.

पैसे अडकले तर खिडकीवर भांडू नये. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तोंडी शब्दाला तोंडी शब्द दिला की तो हवेत जातो, कागदाला मात्र कागदानेच उत्तर द्यावे लागते.

कोणी मोठा माणूस पुन्हा असे काही बोलला, तर चारजणांच्या सह्यांचे साधे पत्र त्याच्या कार्यालयाला पाठवावे. शिवी नको, शाई नको. आपण काय बोललात, खरे काय आहे आणि आमची अपेक्षा काय, या तीन गोष्टी पुरेत.

त्या मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. अप्पांनी तिला आपली पगाराची चिठ्ठी दाखवली, व्यवसाय कराच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "ही बघ आपली वर्गणी. तू बाजूला व्हायचं नाही, रांगेत उभी राहायचं." दुसऱ्या दिवशी तिने अर्ज भरला. आपल्यापैकी किती घरांत अशी चिठ्ठी अजून मुलांना दाखवायची राहिली आहे, ते पाहावे. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पाच मिनिटे हाच विषय घ्यावा आणि ज्यांचे अर्ज राहिले असतील त्यांची यादी तिथेच करावी.