मालवाहू मोटारगाडीच्या प्रेषणाचे तापमान

एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या क्लच, दंतचक्र पेटी (गिअर बॉक्स), चालक दंड व विभेदी दंतचक्र माला या भागांना मिळून प्रेषण म्हणतात. शक्ती नेताना तिचा काही अंश घर्षणात व घसरणीत खर्च होतो आणि त्याची उष्णता बनते. डीझेलवर चालणारी पिक-अप गाडी भरल्या मालासह ट्रेलर ओढते तेव्हा, विशेषतः चढावर, ही उष्णता झपाट्याने वाढते. तापमान मर्यादेत राखण्यासाठी शीतक बसविता येतो. तथापि उष्णता मुळात किती निर्माण व्हावी, हे मुख्यतः भार, वेग व दंतचक्राची निवड यांवर, म्हणजेच चालकावर अवलंबून असते.

या प्रश्नाची दोन रूपे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथील वाहतुकीत दिसतात. शहराचा भाग असलेल्या कामतघर परिसरात यंत्रमागांचे कारखाने आहेत. सुताच्या गोणी, बीमे व कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या पिक-अप गाड्यांना तेथील गर्दीच्या रस्त्यांवर वारंवार थांबावे व निघावे लागते. अशा वेळी मुख्य ताण क्लचवर पडतो. हाच माल नाशिककडे नेताना पडघा, शहापूर व कसारा या मार्गाने थळ (कसारा) घाट चढावा लागतो. समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर असलेल्या भिवंडीहून निघालेली गाडी इगतपुरीला सुमारे ६०० मी. उंचीवर पोहोचते. तेथे दंतचक्रे व वंगण यांच्यावर दीर्घकाळ भार राहतो. याच घाटातील लोहमार्गाचा चढ ३७ मी. अंतरात १ मी. इतका असून तेथे आगगाड्यांना जादा एंजिने जोडतात. रस्त्यावरील गाडीला ही सोय नसते; तिला खालच्या दंतचक्राचाच आधार असतो.

उष्णतेचे प्रमाण : ट्रेलर व माल धरून ४,००० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी २० मी. अंतरात १ मी. अशा चढावर ताशी ३० किमी. वेगाने जात आहे, असे मानू. उंची गाठण्यासाठी सुमारे १६ किवॉ. व चाकांच्या लोटण-रोधासाठी सुमारे ५ किवॉ., अशी एकूण २१ किवॉ. शक्ती चाकांशी लागते. हाताने बदलावयाच्या दंतचक्र पेटीत तिचा सु. ४ टक्के अंश, म्हणजे १ किवॉ. हून कमी शक्ती, वाया जाते. स्वयंचलित प्रेषणात क्लचऐवजी द्रवावर चालणारा परिबल परिवर्तक असतो. जर्मन अभियंते हेरमान फटिंगर यांनी अशा द्रवचालित प्रेषणाचे एकस्व (पेटंट) १९०५ मध्ये मिळविले; त्याचा पहिला उपयोग जहाजांत झाला. घसरणीमुळे या परिवर्तकाची कार्यक्षमता ८० टक्क्यांवर आली, तर वरील चढावर सु. ५ किवॉ. उष्णता तेलात जाते. उष्णता बाहेर न पडल्यास १० लिटर तेलाचे तापमान तिच्यामुळे मिनिटाला सु. १७° से. ने चढेल. प्रत्यक्षात धातूचे भाग व शीतक उष्णता शोषून घेतात, म्हणून ही वाढ मंद असते.

क्लचची स्थिती निराळी आहे. सपाट रस्त्यावर गाडी निघताना, क्लच घसरत असेतो एंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्म्या ऊर्जेची उष्णता बनते. चढावर घसरण लांबते. क्लच अर्धवट दाबून गाडी जागच्या जागी रोखून धरल्यास तर सर्वच ऊर्जा तबकडीत उष्णतारूपाने जाते. अशा वेळी ब्रेकचाच उपयोग करणे योग्य होय.

परिणाम : स्वयंचलित प्रेषणातील तेल साधारणतः ८०° ते ९५° से. ला काम करते. तापमान १२०° से. च्या पुढे गेल्यास त्याचे ऑक्सिडीभवन वेगाने होते. दर १०° से. वाढीस तेलाचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा स्थूल नियम आहे. तेल काळवंडते, त्याला जळका वास येतो, सील कडक होऊन गळती लागते आणि घर्षण तबकड्या घसरू लागतात. त्या घसरणीतून आणखी उष्णता निर्माण होते. दंतचक्र पेटीत तेलाची श्यानता (दाटपणा) कमी होऊन दातांमधील वंगणाचा थर तुटतो. सर्वांत मोठा धोका उतारावर असतो. घसरणारा क्लच एंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोहोचवू शकत नाही. त्यामुळे सर्व भार ब्रेकवर येतो व तेही तापून निकामी होऊ शकतात.

नियंत्रण : डीझेल एंजिन कमी वेगातही मोठे परिबल देते, म्हणून चढावर वरचे दंतचक्र धरून ठेवण्याचा मोह होतो. त्यामुळे एंजिन व पंप मंद चालतात आणि परिवर्तकातील घसरण वाढते. चढ सुरू होण्यापूर्वीच खालचे दंतचक्र घ्यावे. परिवर्तकात घसरण थांबविणारा बंधक क्लच असल्यास तो गुंतलेला राहील, असा वेग राखावा. तापमापक तेलपात्रात बसविला आहे की परिवर्तकाच्या निर्गमाशी, हे ध्यानी घेऊन आकडा वाचावा. निर्गमाशी तापमान बरेच अधिक असू शकते. ते चढू लागल्यास सुरक्षित जागी थांबून दंतचक्र तटस्थ करावे व एंजिन चालू ठेवावे, म्हणजे पंप तेल शीतकातून फिरवीत राहतो. दंतचक्र पेटीत तेल कमी नसावे, तसेच जास्तही नसावे. जादा तेल घुसळले जाऊन तापते.

बंद पडलेली गाडी ओढून नेताना उलट अडचण येते. एंजिन थांबल्यामुळे स्वयंचलित प्रेषणाचा पंप चालत नाही. साध्या दंतचक्र पेटीतही तटस्थ स्थितीत बहुधा खालचा दंड फिरत नाही, त्यामुळे तेल वर उडत नाही. चाकांकडून फिरणारे भाग अशा वेळी वंगणाविना तापतात. म्हणून लांबच्या अंतरासाठी चालक चाके उचलून धरतात किंवा चालक दंड सोडवून ठेवतात.