ओझरची मिग विमाने निवृत्त झाली

नाशिकहून आग्रा रोडने निघालात की ओझर लागते. दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे आणि कांद्याच्या चाळी. अशा मुलखात आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारी लढाऊ विमाने तयार होत होती, हे आपल्या संभाजीनगरकडच्या पुष्कळांना ठाऊक नसेल. १९६२ साली रशियाशी करार झाला आणि दोन वर्षांनी ओझरचा कारखाना उभा राहू लागला. मिग-२१चा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक साधने हैदराबादला, अशी वाटणी होती. ओझरने अशी सहाशेहून अधिक विमाने दिली.

या विमानाचा पराक्रम जुन्या मंडळींना आठवत असेल. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात गव्हर्नरच्या वाड्यात बैठक भरणार होती. आपल्या मिगांनी त्या वाड्यावर नेमके अग्निबाण सोडले. गव्हर्नरने त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला आणि दोन दिवसांत पाकिस्तानी फौज शरण आली.

पण या घोड्याची खोडही सांगितली पाहिजे. त्याचे पंख आखूड. त्यामुळे उतरतानाही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर ठेवावा लागे. नवे वैमानिक मात्र किरणसारख्या सावकाश विमानावर शिकून थेट मिगवर येत. गरीब बैलजोडीवर हात बसलेल्या पोराच्या हाती एकदम उधळा खोंड द्यावा, तसेच हे! मधली पायरी असणारे हॉक विमान बिदरच्या तळावर आले ते २००८ मध्ये. उदगीर भागातल्या शेतकऱ्यांना त्याचा आवाज ओळखीचा आहे.

तोवर कितीतरी तरुण गेले. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडला मिग कोसळून गेले. चूक वैमानिकाची, हा ठपका त्यांच्या आई कविताताईंनी मान्य केला नाही. विमानांच्या सुरक्षिततेसाठी त्या वर्षानुवर्षे झगडत राहिल्या. आमच्या मते मिगच्या इतिहासात या माउलीचे नाव ढाक्याच्या शेजारी लिहिले पाहिजे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ने निरोप घेतला. १९६३ साली ते तिथेच प्रथम दाखल झाले होते.

तुमच्या घरात दहावीतला मुलगा आभाळाकडे पाहत असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. संभाजीनगरला १९७७ पासून शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन महाराष्ट्रातली मुले निवडतात आणि अकरावी-बारावीची दोन वर्षे खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला निघाली आहे.