पूल उघडताय? आधी नाक धरा!

मे महिन्यात पोहायला जायचं म्हटलं की आपण टॉवेल खांद्यावर टाकतो आणि पळत सुटतो. पण तुमचा एखादा मामेभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला राहत असेल आणि त्याच्या घरामागे पूल असेल, तर त्याला फोनवर विचारा, "काय रे, पूल उघडला का?" हो, तिकडे पूल उघडावा लागतो! सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यावर जाड कव्हर ताणून तो बंद करतात. मग मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी येते, तोवर तो उघडायची सगळ्यांची घाई.

बंद कशाला करायचा? बर्फामुळे. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. पाइपात अडकलेल्या पाण्याला फुगायला जागाच नसते, मग ते पाइपच फोडतं. म्हणून थंडीआधी पाइपांत हवेचा झोत सोडून पाणी हाकलतात आणि तोंडांना घट्ट बुचं बसवतात.

आता कव्हर काढू या. त्यावर साचलेलं पावसाचं पाणी आणि कुजक्या पानांचा लगदा आधी उपसायचा (त्यात कधी कधी बेडकाची पिल्लंही वळवळत असतात!). कव्हर बाजूला झालं की खाली निळंशार पाणी? छे! बऱ्याचदा ते पालकाच्या पातळ भाजीसारखं दिसतं.

हा हिरवा रंग नुसत्या घाणीचा नसतो, तो जिवंत असतो. शेवाळाच्या एकेका पेशीचे जीव वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर पाण्यात येऊन पडतात. थंडीत ते गपगार असतात. पाणी १५ अंशांच्या वर गेलं आणि ऊन मिळालं, की एकाचे दोन, दोनाचे चार! कुजलेली पानं त्यांना आयतं खत पुरवतात. म्हणून जाणकार लोक उकडायची वाट बघत बसत नाहीत, पाणी गार असतानाच पूल उघडून मोकळे होतात.

शेवाळावर आणि जंतूंवर औषध म्हणजे क्लोरीन. किती लागतं? जरा गणित करू. पूल १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असेल, तर पाणी झालं ७५,००० लिटर. त्याच्या दहा लाख भागांत क्लोरीनचे एक ते तीन भाग पुरतात. म्हणजे ७५ ते २२५ ग्रॅम! एवढ्या पाण्याला एवढंसं? रोजच्या राखणीला तेवढं बास. पाणी आधीच हिरवं झालं असेल, तर मात्र कितीतरी पट मोठा डोस द्यावा लागतो आणि पंप रात्रंदिवस चालवून मेलेलं शेवाळ वाळूच्या फिल्टरमध्ये अडकवावं लागतं. (ही रसायनं मोठ्यांनीच हाताळायची, बरं का. दोन रसायनं एकमेकांत मिसळली तर विषारी वायू निघू शकतो.)

न्यू जर्सीचं आणि क्लोरीनचं नातं तसं जुनंच. १९०८ साली डॉ. जॉन लील यांनी तिथल्या जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीनयुक्त औषध घालायला सुरुवात केली. अख्ख्या शहराच्या पाण्यात असं रोजच्या रोज औषध घालणं अमेरिकेत पहिल्यांदाच घडत होतं. कोर्टात कडाक्याचा वाद झाला, पण लील यांची बाजू टिकली.

इतकं कामाचं क्लोरीन, पण उन्हापुढे अगदीच लेचंपेचं! भर दुपारी काही तासांतच त्यातलं बहुतेक नाहीसं होतं. म्हणून त्याच्या जोडीला सायन्युरिक आम्ल घालतात, ते उन्हापासून त्याला सांभाळतं. आणि चुकीची जोडी जमली तर? २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तलावात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं गेलं. क्लोरीन निष्प्रभ झालं आणि डायव्हिंगचा तलाव साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत हिरवागार!

आता धरा नाक. पूलला उग्र वास येतो, तेव्हा मोठी माणसंसुद्धा म्हणतात, "क्लोरीन फार झालंय." साफ चूक! तो वास क्लोरामाइनचा. पोहणाऱ्यांचा घाम आणि (हसू नका) शू यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं. डोळे चुरचुरतात तेही बऱ्याचदा त्यामुळेच. नीट राखलेल्या पूलला जवळजवळ वासच येत नाही.

पाणी तपासायचं काम बघायला मजेचं असतं. छोट्या नळीत पूलचं पाणी घेऊन त्यात चिमुकली गोळी टाकली, की पाणी गुलाबी होतं. जितकं गडद, तितकं क्लोरीन जास्त. दुसऱ्या नळीत सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते) बघायचा. तो ७.२ ते ७.८ च्या मधे हवा. आपल्या अश्रूंचा सामूही साधारण तेवढाच, ७.४ च्या आसपास असतो! शेवटी काठावर उभं राहून सर्वांत खोल जागी तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते बघायचं. दिसत नसेल, तर कुणीही पाण्यात उतरायचं नाही.

दिसली? तरी थांबा. मघाचं ७५,००० लिटर पाणी फक्त एक अंश तापवायचं, तर सुमारे ८७ युनिट उष्णता लागते. घरचं विजेचं बिल काढून बघा, किती दिवसांची वीज झाली ते. सूर्य हे काम फुकट करतो, पण सावकाश. त्यामुळे हीटर नसलेल्या पूलमध्ये मेअखेरीस पहिली उडी मारणारा हमखास किंचाळतच वर येतो.