रिपीट बॅच

लेक्चरला चार मुलं नसली तर तास थांबत नाही. नोट्स मैत्रिणीकडून मिळतात, पुस्तक असतंच. प्रयोगशाळेचं तसं नाही. टायट्रेशन कोणत्या थेंबाला थांबवायचं, हे हाताला आणि डोळ्याला बरोबरच शिकावं लागतं. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग इतका फिका हवा, की फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवल्याशिवाय तो धड दिसत नाही. व्हिडिओत रंग दिसतो. ब्युरेटचा कॉक किती फिरवला, हे बोटांना कळत नाही.

मी पुण्यात बीएस्सीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. आमची प्रॅक्टिकल रंगात येतात ती पावसाळ्यात, आणि डेंग्यू, टायफॉइडचे दिवसही तेच. म्हणून आजारी मुलांचं नियोजन हे खरं तर परत आलेल्या मुलांचं नियोजन असतं, असं माझं मत झालं आहे. कोण आलं नाही, हे मस्टर सांगतं. आलेल्याला कुठून सुरू करायचं, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवावं लागतं.

डेंग्यूचंच घ्या. ताप उतरला की मुलांना वाटतं, बरे झालो. वास्तविक ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सर्वांत जपण्याचे असतात, आणि अशक्तपणा तर पुढे कित्येक दिवस राहतो. असा मुलगा तीन-चार तास उभा राहू शकत नाही. त्याला स्टूल द्यायचं, ब्युरेटचा स्टँड खाली घ्यायचा, त्या दिवशी एकच रीडिंग नीट घ्यायला सांगायचं. कांजिण्या झालेल्या मुलीला मात्र, सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत येऊ नकोस, असं स्पष्ट सांगावं लागतं. हॉस्टेलवर राहणारी असेल तर जास्तच.

जुलै 2023 मध्ये आळंदीच्या शाळांमधून डोळे येण्याची साथ पसरली आणि ती पुण्यातही पोचली. आलेल्या डोळ्यांकडे बघितलं की आपलेही येतात, असा समज घराघरात आहे. संसर्ग बघण्याने होत नाही. हाताने, रुमालाने, एकमेकांच्या वस्तूंनी होतो. प्रयोगशाळेत अशा वस्तू भरपूर. सगळ्यांत धोक्याचे सेफ्टी गॉगल, कारण ते सकाळच्या बॅचचे उतरतात आणि दुपारच्या बॅचच्या डोळ्यांवर चढतात. मग आम्ही प्रत्येकाला स्वतःचा गॉगल आणायला लावला, त्यावर रोल नंबर चिकटवला, बेसिनजवळचा सामायिक नॅपकिन काढून टाकला. तरीही लाल डोळ्यांनी मुलं दारात यायची. घरी जा म्हटलं की पहिला प्रश्न एकच: “मॅडम, प्रेझेंटी?”

75 टक्के हजेरीचा नियम मी बदलू शकत नाही आणि तो सरसकट काढून टाकावा असंही मला वाटत नाही. पण नियमाचा धाक आजारापेक्षा मोठा झाला की मूल आजार घेऊन वर्गात येतं आणि पुढच्या आठवड्यात अर्धी बॅच गायब होते. दोन-तीन दिवसांच्या आजाराला मी डॉक्टरांचा दाखला मागत नाही. कॉट बेसिसवर राहणारं मूल औषधाला एकदा पैसे मोजतं, दाखल्यासाठी पुन्हा मोजायला लावणं मला पटत नाही. मोठ्या आजारात प्रिस्क्रिप्शनचा फोटो पुरतो.

कोविडच्या लसीकरणाच्या काळात तर हजेरीपटाचेच दोन भाग झाले होते. 20 ऑक्टोबर 2021 पासून राज्यातली महाविद्यालयं उघडली, ती दोन्ही डोस झालेल्यांसाठी. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा 84 दिवसांचं अंतर होतं. पहिला डोस ऑगस्टअखेर मिळालेला मुलगा नोव्हेंबरअखेरपर्यंत घरीच. त्यात त्याची चूक काहीच नव्हती. 25 ऑक्टोबरपासून ‘मिशन युवा स्वास्थ्य’ मोहिमेत महाविद्यालयांतच लस मिळू लागली, ते फार बरं झालं. फक्त लसीच्या दुसऱ्या दिवशी अनेकांना ताप येतो, दंड दुखतो. 50 मिलिलिटरची ब्युरेट वरून फनेलने भरायची तर हात खांद्याच्या वर न्यावा लागतो. दुखऱ्या हाताने आम्ल सांडण्यापेक्षा, बॅचचं प्रॅक्टिकल आणि तिची लस यांत एक दिवस मोकळा ठेवणं केव्हाही चांगलं.

बुडालेल्या प्रयोगासाठी जर्नलमध्ये मित्राची रीडिंग उतरवून घेण्याची जुनी वहिवाट आहे. ती मला मान्य नाही. रीडिंग मित्राची घ्या, पण तसं लिहा, आकडेमोड स्वतः करा, आणि प्रयोग रिपीट बॅचला करा. त्याशिवाय जर्नलवर सही नाही. या अटीवर मुलं सहसा कुरकुरत नाहीत. हात बसला नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एकटं उभं राहायचं आहे, हे त्यांना माहीत असतं.

खरी अडचण द्रावणांची. सोडियम थायोसल्फेट ठेवून ठेवून बिघडतं, कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. दोन मुलांसाठी रिपीट प्रॅक्टिकल घ्यायचं तरी लॅब असिस्टंटला द्रावण पुन्हा बनवावं लागतं, पुन्हा त्याची तीव्रता काढावी लागते. बहुतेक ठिकाणी हे काम चांगुलपणावर चालतं: जेवणाच्या सुट्टीत, नाहीतर पाचनंतर. त्यापेक्षा जूनमध्ये टाइमटेबल बसतानाच दर पाचवा आठवडा रिपीट बॅचसाठी कोरा ठेवावा, तो शिक्षकाच्या आणि लॅब असिस्टंटच्या वर्कलोडमध्ये धरावा, आणि त्यासाठी लागणारी रसायनं वर्षाच्या मागणीपत्रातच लिहावीत. पावसाळ्यात मुलं आजारी पडणार, हे आपल्याला जूनमध्येच ठाऊक असतं.